बिनमातीची पानवेल

"चपला हितंच काढा," आण्णा म्हणाले आणि मी बांधावर चपला काढल्या. त्या घडीला त्यांनी विहिरीत उडी मारायला सांगितलं असतं तर मी फक्त खोली किती आहे एवढंच विचारलं असतं. त्यांच्या मुलीशी मला लग्न करायचं होतं, आणि ते तोंडानं सांगण्यासाठी मी पुण्याहून मिरजेला आणि मिरजेहून ह्या गावाला आलो होतो.

पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत, देवळासारखंच असतं ते, असं त्या मुलीनं, त्रिशलानं, वाटेत सांगितलं होतं. आत शिरलो तर बाहेरचं ऊन बाहेरच राहिलं. शेवरीच्या आणि हादग्याच्या उंच झाडांवर वेली चढलेल्या, जागोजाग लव्हाळ्यानं बांधलेल्या, आणि सगळीकडे ती हिरवी, चकचकीत पानं. आण्णा पुढे, मी मागे. त्रिशला तिच्या आईबरोबर विहिरीपाशीच थांबली होती. मुद्दामच थांबली असणार.

मी रेल्वेत घोकलेलं भाषण सुरू केलं. मी शिरीष बोंडे, अमरावतीचा. पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. त्रिशला त्याच कंपनीत खरेदी विभागात आहे. तुम्ही जैन, आम्ही नाही, हे मला कळतं. पण मी मांसमच्छी खात नाही, कसलं व्यसन नाही, आईवडिलांना सगळं सांगितलेलं आहे. हे सगळं मी एका दमात बोललो. आण्णा एका पानावरचा डाग बोटानं पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं पानी कसं हाय? खारं न्हाई न्हवं?"

खारं नाही, असं मी सांगितलं. क्षार किती आहेत तेही सांगितलं. ते त्यांनी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी कमरेचा विळा काढला, एका तरण्या वेलीच्या कांड्या तोडल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, वरून केळीचं पान लावलं आणि सुतळीनं बांधलं. घरी आल्यावर अक्कांनी, म्हणजे त्रिशलाच्या आईनं, त्या गाठोड्याला हळदकुंकू लावलं, मग मलाही कपाळाला लावलं आणि हातात नारळ दिला. शेतकऱ्याच्या घरी बैलापासून नांगरापर्यंत सगळ्यांनाच कुंकू लागतं, तसं मलाही लागलं, असं मी समजलो.

"बेणं न्या. घरात लावा," आण्णा म्हणाले. "लागली की कळवा."

त्यांनी मला सबंध दिवसात एकदाही अरे-तुरे केलं नाही. वयानं मी मुलासारखा, पण सारखं आपलं 'तुमी या', 'तुमी बसा'. माणसाला दूर ठेवायचं असलं की आमच्याकडे असंच करतात. मी मनातून खट्टू झालो होतो.

परतीच्या गाडीत मी त्रिशलाला विचारलं की ह्याचा अर्थ काय समजायचा, हो की नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. आण्णा फार बोलत नाहीत, म्हणाली.

"पण होकार की नकार?"

"बेणं दिलंय न्हवं? लाव की."

"आणि नाही लागली तर?"

तिनं जरा विचार केला. "लागलेली बरी," ती म्हणाली आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरली.

झालं. परीक्षा ठरली, विषय ठरला. आता फक्त परीक्षा कुठे द्यायची ते कळायचं होतं, कारण माझ्या घरात माती आणायला बंदी होती.

माझे घरमालक परचुरे काका खालच्या मजल्यावर राहत. माझ्या आधीच्या भाडेकरूनं खोलीत कुंड्या ठेवल्या होत्या आणि त्यांचं पाणी झिरपून काकांच्या देवघराच्या छताला डाग पडला होता. तेव्हापासून भाड्यानं खोली देताना ते माणसाचं गाव, पगार आणि माती ह्या तिन्ही गोष्टींची चौकशी करत. बाल्कनी नव्हतीच. गच्चीची किल्ली काकांच्या कमरेला. मी गाठोडं घेऊन आलो तेव्हा ते जिन्यातच उभे होते आणि त्यांनी गोणपाटाकडे अशा नजरेनं बघितलं की मी न विचारताच सांगून टाकलं, "ह्यात माती नाही."

"पुढेही नसावी," काका म्हणाले.

आता, मातीवाचून झाड वाढवता येतं हे मी वाचलेलं होतं. पाण्यात विरघळलेली खतं मुळांना थेट द्यायची, आणि मुळांना धरून राहायला काहीतरी आधार द्यायचा. वाचताना मला ते फार सोपं वाटलं. पाणी हा तर माझाच विषय. मी पाण्याचा डॉक्टर, असं मी तेव्हा लोकांना सांगत असे. पोहायचं पुस्तक वाचून नदीत उतरणारा माणूस असाच असतो.

पहिला प्रयोग रॉकवूलवर केला. दगड वितळवून त्याचा कापूस पिंजतात, त्याच्या चौकोनी वड्या मिळतात. दिसायला सुबक, हाताळायला स्वच्छ. दोन कांड्या त्यात खोचल्या, वड्या पाण्यात ठेवल्या, आणि मी अगदी कृतार्थ होऊन ऑफिसला गेलो. त्या वड्या पाणी धरतात ते धरतातच, सोडायचं नाव घेत नाहीत. आठवड्याभरात कांड्या खालून काळ्या पडल्या आणि बोट लावलं की दबायला लागल्या.

मग भाजलेल्या मातीचे हलके गोळे आणले. ते बघून परचुरे काका वर आले. ही मातीच ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाजलेली आहे, कौलासारखी. कौलं आम्ही छपरावर ठेवतो, खोलीत नाही, असं म्हणून त्यांनी एक गोळा खिशात घातला आणि खाली नेऊन बादलीत भिजत टाकला. तो विरघळत नाही अशी खात्री पटल्यावर परवानगी मिळाली. पण वेलीलाच तो पटला नाही. त्या गोळ्यांमधून वारा खेळतो. पाण्यात वाढणाऱ्या झाडाला ते चांगलं, पण पानवेलीच्या पेरांना सावली आणि कायमची ओल लागते. बुडाशी ओलं आणि पेराशी कोरडं अशा अवस्थेत त्या कांड्या उभ्याउभ्या वाळल्या. शिवाय पाण्यात हवा सोडणारा पंप लावला होता, तो अखंड गुरगुरायचा.

त्रिशला दर रविवारी यायची. खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची, मी केलेले पोहे खायची आणि माझी धावपळ बघायची. सल्ला देत नसे. पानमळ्यात वाढलेली मुलगी, पण तोंडातून अवाक्षर काढील तर शपथ. एकेक कांडी गेली की फक्त विचारायची, "आता काय करणार?" मी चिडलो असतो, भिंतीवर डोकं आपटलं असतं तरी तिनं तेवढंच विचारलं असतं, असं मला वाटे. मी चिडत नसे, कारण कुणावर चिडणार? रॉकवूलवर?

शेवटी काथ्याच्या भुश्शाकडे वळलो. नारळाच्या सोडणाचा तो भुसा दाबून त्याच्या विटा करतात. पाण्यात टाकली की फुगून घमेलंभर होते. ओल धरतो, पण चिखल होत नाही. हे बरं वाटलं. पण पहिल्याच प्रयत्नात पानाच्या कडा करपल्या. मी बुचकळ्यात पडलो. मग एकदा ऑफिसात सहज त्या भुश्शाचं निथळलेलं पाणी तपासलं तर मीटरचा काटा वेड्यासारखा वर गेला. नारळ समुद्राकाठचा, सोडणं मुरवतात खाऱ्या पाण्यात, मग भुश्शात मीठ राहणार नाही तर काय साखर राहील? दुसऱ्याला पाणी तपासून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या बादलीत मीठ दिसू नये, म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तो भुसा मी धुतला. साबुदाणा धुवावा तसा पुन्हा पुन्हा धुतला, निथळलेलं पाणी नळाच्या पाण्याइतकं गोडं लागेपर्यंत धुतला. मुळांना हवा मिळावी म्हणून त्यात पर्लाइटचे पांढरे, पोह्यासारखे हलके खडे मिसळले. तोवर गाठोड्यातली एकच कांडी शिल्लक होती. तिला मी मोरीतल्या गारव्यात ओल्या फडक्यात जपून ठेवलेलं होतं.

राहिला खाऊ घालायचा प्रश्न. मी आधी पंप, नळ्या आणि घड्याळ लावून थेंब थेंब पाणी देणारं एक यंत्र तयार केलं. ते माझ्या बुद्धीला शोभेल असं होतं. पण तेव्हा पुण्यात गुरुवारी वीज जायची, आणि वीज गेली की माझी बुद्धीही बंद पडायची. मग सगळं उचकटलं आणि साधी वात लावली. खाली झाकणाचा डबा, त्यात खताचं पाणी, वर कुंडी, आणि कुंडीच्या बुडातून डब्यात सोडलेली नायलॉनची जाड दोरी. कंदिलाची वात तेल ओढते तशी ती दोरी लागेल तेवढंच पाणी वर ओढायची. वीज नको, घड्याळ नको, मीही नको. खत दोन बाटल्यांत यायचं, एक आणि दोन, आणि ती एकमेकांत सरळ मिसळायची नाहीत, दोन्ही वेगवेगळी पाण्यात घालायची. वेल कोवळी म्हणून मी निम्म्या ताकदीचंच देत होतो.

आणि एके सकाळी पेरातून हिरवं टोक बाहेर आलं. मी ऑफिसला न जाता त्याच्यासमोर बसून राहिलो. रविवारी त्रिशलानं ते बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लागली की रे." एवढंच. पण त्या दिवशी पोहे तिनं केले.

वेल लागल्याचं मी आण्णांना फोनवर कळवलं. ते खूश झाले. म्हणाले, "बरं झालं. मग आनि काय?" आणि काय म्हणजे परीक्षक पुढचा प्रश्न विचारतायत असं समजून मी त्यांना पाण्याची आम्लता सांगितली. मग त्यांनी विचारलं, घरची काय म्हणतायत. बरी आहेत, म्हटलं. बरं, म्हणाले. नंतर दर पंधरवड्याला हाच फोन, हेच प्रश्न. मी नवी पानं किती, रंग कसा, दोरी किती पाणी ओढते ते सांगायचो, आणि आण्णा प्रत्येक वेळी थोडे अधिक हिरमुसल्या आवाजात 'बरं' म्हणायचे. माझी उत्तरं कमी पडतायत ह्या काळजीनं मी वेलीवर आणखी पुस्तकं आणली.

अमरावतीला आईचा जीव टांगणीला. "बाबू, पोरीच्या बापानं हो म्हनलं का नाही?" ती विचारायची. मी सांगायचो की त्यांनी वेल लावायला दिली आहे. "कायची वेल?" मग बाबा फोन घ्यायचे. "मले एक सांग, ते तुले जावई करून ऱ्हायले का माळी?"

होळीनंतर उन्हं चढली तेव्हा आण्णा पुण्याला आले. डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, तो दाखवायला. दवाखान्यातून त्रिशला त्यांना माझ्याकडे घेऊन आली. मी घर आदल्या दिवसापासून धूत होतो. वेल एव्हाना काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढून पुस्तकांच्या फळीला टेकली होती, पानं तळहाताएवढी झाली होती.

आण्णांनी दाराशीच चपला काढल्या. त्या तर सगळेच काढतात. पण वेल ठेवली होती त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबले, प्रवासासाठी घातलेले मोजेही काढले, आणि मगच आत गेले. परचुरे काकांच्या त्या पोपडे आलेल्या खोलीत आण्णा अनवाणी उभे राहिलेले बघून मला गलबलून आलं. त्यांनी डोळे बारीक करून पान चाचपलं, पेर चाचपलं, मग काठीवरून हात फिरवला.

"लागलीया," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

त्रिशला दूध आणायला खाली गेली. आण्णांनी विचारलं की हिला खायला काय घालता. मी त्या दोन बाटल्या दाखवल्या. त्यांनी एकेकीचं झाकण काढून हुंगलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगलं.

"ह्येला वासच न्हाई."

वास नसतोच, मी समजावलं. मुळांना लागतं ते सगळं त्यात आहे, अगदी मोजून घातलेलं.

"वास न्हाई त्यात ताकद कसली?" ते म्हणाले, आणि वेलीकडे अशा नजरेनं बघितलं की जणू तिला सासरी उपाशी ठेवली आहे. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. चहा होईपर्यंत ते वेलीपाशीच होते. जाताना फार मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

एक-दोन दिवस गेले असतील. मी ऑफिसातून आलो तर जिन्यात परचुरे काका नाकाला उपरणं लावून उभे. इमारतीत उंदीर मेला आहे आणि तो तुमच्याच मजल्यावर मेला आहे, असं त्यांचं म्हणणं. वास खरंच असा होता की उंदीर एकटा मेलेला नसावा, सहकुटुंब गेला असावा. आम्ही दोघांनी मोरी बघितली, पलंगाखाली बघितलं, कपाट सरकवलं. वासाचा माग काढत काढत मी वेलीपाशी आलो आणि डब्याचं झाकण उघडलं. काका तिथून जे निघाले ते थेट आपल्या घरात गेले.

डब्यात तपकिरी फेस आला होता, बुडाला चिखलासारखा गाळ, आणि दोरी शेवाळल्यासारखी बुळबुळीत. मला काही कळेना. मग फळीवर, पुस्तकांच्या मागे, एक पिशवी दिसली, व्यवस्थित गाठ मारून ठेवलेली. उघडली तर शेंगपेंड. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरतो तो चोथा. पानमळ्याला आण्णा आयुष्यभर तोच घालत आलेले. लेकीकडे जाताना बाप लाडू बांधून नेतो, तशी ते वेलीसाठी मुद्दाम गावाहून पेंड घेऊन आले होते. सगळं पाण्यातूनच जातंय ना, मग पाण्यातच घालू, असा सरळ विचार करून त्यांनी ती डब्यात सोडली होती. आणि उरलेली पुढच्या वेळेसाठी ठेवून गेले होते.

पेंड मातीत घातली की मातीतले जिवाणू ती पचवतात आणि मग झाडाला देतात. माझ्या डब्यात माती नव्हती, मातीतले ते जिवाणू नव्हते, होतं फक्त कोंडलेलं पाणी आणि उकाडा. त्यात ती नुसती कुजली. वेलीची पानं माना टाकून लोंबत होती.

तेवढ्यात त्रिशला आली. मी पिशवी पटकन कपड्यांच्या कपाटात टाकली. तिनं ओढणी नाकाला लावली आणि विचारलं काय झालं. मी म्हणालो, खत जरा जास्त पडलं.

"कुणाकडून?"

"माझ्याकडूनच. अंदाज चुकला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं," म्हणाली, ओढणी कमरेला खोचली आणि कामाला लागली. आम्ही वेल कुंडीतून काढली, नळाखाली धरली, मुळं धुतली. मुळं हातात सुटून येत होती, भिजलेल्या शेवयांसारखी. नवा भुसा, नवी दोरी, स्वच्छ पाणी, सगळं केलं. पण आधी पानं पिवळी पडली, मग गळाली, आणि शेवटी काठीवर नुसती एक तपकिरी दोरी राहिली. मी ती बरेच दिवस काढली नाही. खोटं कशाला सांगू, एकदा रडलोही.

हे फोनवर सांगणं मला प्रशस्त वाटेना. तोंडानं मागणी घातली होती, नापास झालो हेही तोंडानंच सांगावं, म्हणून पुढच्या शनिवारी गेलो. त्रिशला म्हणाली, मीही येते.

आण्णा सोप्यात घोंगड्यावर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर काळा चष्मा. अक्कांनी पाणी दिलं. त्रिशला दारापाशी चवळीच्या शेंगा सोलत बसली. मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "आण्णा, वेल गेली."

"गेली?" ते ताठ बसले. "कशानं?"

मी काही बोलायच्या आत तेच पुढे झाले. "अवो, पर मी सोता शेंगपेंड घालून आलतो. म्हटलं लेकरू उपाशी हाय. मूठभर न्हाई, चांगली दोन पसं घातलीती. तरी गेली?"

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

माझ्या जिभेवर तेव्हा सबंध रसायनशास्त्र आलं होतं. चार वाक्यांत मी सिद्ध केलं असतं की वेल कशानं मेली, आणि चूक कणभरही माझी नाही. नापास व्हायचंच आहे तर खरं सांगून तरी व्हावं, असं क्षणभर वाटून गेलं. पण समोर काळ्या चष्म्याचा म्हातारा बसलेला. आयुष्यभर वेलींना हातानं खाऊ घातलेलं. त्याला मी काय सांगायचं, की तुमच्या हातानं गेली म्हणून?

"बाटल्यांनीच गेली असणार," मी म्हणालो.

"मग!" आण्णांनी मांडीवर थाप मारली. "मला तवाच वाटलंतं. वास न्हाई त्या औषधाला. तरी मी पेंड घातली म्हनून चार दिस तगली, न्हाईतर आधीच जायाची." ही हकीकत ते अजून सांगतात. लग्नकार्यात, पंगतीत, माझ्याच शेजारी बसून सांगतात, आणि मी मान डोलावतो.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या," मग ते म्हणाले. "वेल काय, दुसरं बेणं देतो. पर तुमच्या घरची मानसं कवा येनार?"

"कशाला?" मी विचारलं.

आण्णांनी चष्मा काढला. अक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कशाला म्हंजे? तारीख धराया. दिवाळीपास्नं वाट बघालोय न्हवं आमी? बेणं दिलं, हिनं कुंकू लावलं, नारळ दिला. आमच्या घरातनं बेणं भाईर जातंय ते लेकीच्या सासरीच. दुसऱ्या कुनाला आमी पानाचं देठसुदीक देत न्हाई. मी तुमास्नी जावयावानी अवो-जावो करालोय, आनि तुमी मला फोनवर आकडं सांगताय. मी हिला म्हटलं, जावय हुशार हाय, पर घरच्यांच्या मनात न्हाई वाटतं."

"आणि वेल लागली की कळवा म्हणालात ते?"

"वेलीचं इचारलं की मी. लागली का, एवढंच. तिचा नि लग्नाचा काय संबंध?"

मी दाराकडे बघितलं. त्रिशला सुपातली सालं गोळा करून मागच्या दारानं गोठ्याकडे निघाली होती. मी उठलो. अक्का पदरात तोंड लपवून हसत होत्या.

गोठ्यात ती गाईपुढे सालं टाकत होती. मी म्हणालो, "तुला माहीत होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हळदकुंकू लावलं तेव्हापासून."

रॉकवूल, मातीचे गोळे, मीठ, गुरुवार, परचुरे काका, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मला रागही येईना आणि हसूही. मग सांगितलं का नाहीस, एवढंच कसंबसं विचारलं.

"आण्णांनी होकार दिला होता," ती म्हणाली. "मी कुठं दिला होता?"

खरंच की. मी तिला विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, घरी येऊन आण्णांशी बोल. ह्यालाच मी होकार धरून बसलो होतो.

"ऑफिसात सगळेच शहाणे असतात, शिरीष. घरात माणूस कसा असतो, काही बिघडलं की कुणावर ढकलतो, ते मला बघायचं होतं. मागून विचारून उपयोग नसतो."

"आणि पेंडीचं?"

"आण्णांनी त्याच संध्याकाळी मला सांगितलं. म्हणाले, जावयाला कळू देऊ नको, वाईट वाटेल त्यांना." तिनं शेवटची सालं झटकली. "त्या दिवशी तू स्वतःवर घेतलंस. पण मला वाटलं, माझ्या बापाबद्दल माझ्यासमोर कसं बोलायचं म्हणून घेतलंस. तेवढं कुणीही करतं."

"मग आता?"

तिनं सूप काखेला लावलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"आत्ता बाटल्यांनी गेली म्हणालास ना," ती म्हणाली, "तेव्हा दिला."

मी तिथंच गव्हाणीच्या कडेला बसलो. मग सोप्यातल्या फोनवरून अमरावतीला फोन लावला. आण्णा, अक्का, त्रिशला, सगळे माझ्याकडे बघत होते.

"आई, या तुम्ही," मी म्हणालो. "तारीख धरायची आहे."

"लागली का बाबू वेल?" आईनं विचारलं.

"नाही, मेली."

मग तिनं बाबांना हाक मारून सांगितलं, "अवो, बॅगा भरा. वेल मेली म्हन्ते."